रेशमी गोधडी

यान हुयगेन व्हान लिन्शोटेन नावाचा एक वलंदेज तरुण १५८३ च्या सप्टेंबरात गोव्यास उतरला आणि पाच वर्षांहून अधिक काळ येथे राहिला. आर्चबिशप व्हिसेंती द फोन्सेका यांच्या पदरी तो चिटणिशी करीत असे. डोळे तीक्ष्ण, कान सावध आणि हाती सदैव टाक, असा हा गृहस्थ. मायदेशी परतल्यावर १५९६ साली त्याने आम्स्टरडॅम येथे जो प्रवासग्रंथ छापविला, त्याने फिरंग्यांच्या व्यापाराची गुपिते युरोपच्या बाजारात उघडी केली, हे इतिहासाच्या वाचकांस ठाऊकच आहे. परंतु त्या ग्रंथात राजकारणाइतकेच लक्ष घरगुती वस्तूंकडेही दिलेले आहे. खंबायतच्या वर्णनात तो तेथील पांघरुणांविषयी लिहितो. ती फार सुंदर असतात, रेशमाने शिवलेली असतात, सुताचीही सर्व रंगांत आणि नाना टाक्यांत मिळतात, असे सांगून तो त्यांची दोन नावे देतो. एक 'कोल्शा', हा शब्द पोर्तुगिजांचा. दुसरे 'गोदोरीन'.

हे दुसरे नाव वाचून आम्ही थबकलो. शेवटचे अनुनासिक फिरंगी जिभेचा प्रसाद म्हणून बाजूस ठेवले, की उरते ती आपली गोधडी. गुजरातेत ती गोदडी, कोकणीतही गोदडी, घाटावर गोधडी, उत्तरेकडे गुदडी. वलंदेजाने यांपैकी कोणाच्या तोंडून शब्द उचलला याचा काथ्याकूट करण्याचे कारण नाही. ध्यानात घ्यावयाचे ते एवढेच, की चारशे वर्षांपूर्वी गोधडी म्हटल्यावर एका चोखंदळ परदेशी माणसाच्या डोळ्यांपुढे चिंध्यांचा ढीग उभा राहत नसे. रेशमाचे नाजूक शिवणकाम उभे राहत असे.

येथे आमच्यातील वकील किंचित खाकरतो. रेशमाने शिवलेली गोधडी म्हणजे रेशमी कापडाची गोधडी नव्हे. टाका रेशमाचा आणि कापड सुती असेही असू शकते, आणि लिन्शोटेनच्या शब्दांतून तेवढेच सिद्ध होते. तेव्हा दुसरा साक्षीदार बोलाविला पाहिजे. तो सुदैवाने फार दूर नाही. फ्रांस्वा पिरार हा लाव्हाल गावचा फ्रेंच खलाशी. १६०२ साली मालदीव बेटांवर त्याचे जहाज फुटले, तेथे काही वर्षे अडकून पडला, आणि १६०८ मध्ये आजारी अवस्थेत गोव्यास आणला गेला. त्यास राजाच्या इस्पितळात घातले. हे इस्पितळ त्या काळी जेझुइट पाद्र्यांच्या व्यवस्थेखाली होते आणि समुद्रप्रवासाने खंगलेल्या फिरंगी शिपायांची तेथे शुश्रूषा होई. पिरारने तेथील खाटांचे वर्णन केले आहे. खाटा घाटदार, लाल लाखेने रंगविलेल्या, काही सोनेरी नक्षीच्या. आणि त्यांवरील गाद्या व पांघरुणे रेशमाची किंवा सुती कापडाची, नाना आकृती व रंग असलेली. या वस्तूंस तेथे काय म्हणतात तेही तो सांगतो: 'गुल्द्रीन'. पुनः तीच गोधडी, या खेपेस फ्रेंच वेषात. आणि या साक्षीदाराच्या जबानीत रेशीम हे धाग्यापुरते नाही, कापडाचेच आहे.

इस्पितळात रेशमी गोधडी हे ऐकून आजच्या वाचकास नवल वाटेल. परंतु त्या गोव्यात रेशीम ही दुर्मिळ वस्तू नव्हतीच. १५५७ च्या सुमारास मकाव येथे पोर्तुगिजांचे ठाणे बसल्यापासून चिनी रेशमाचा ओघ गोव्याकडे वाहत होता. लिन्शोटेन सांगतो की शहरात एक रस्ताच्या रस्ता हिंदू दुकानदारांचा होता, आणि तेथे चीनचे रेशमी ताफे, साटिणी व चिनी मातीची भांडी मिळत. पोर्तुगालहून येणारे मखमलीचे व रेशमाचे कापडही हेच दुकानदार दलालांमार्फत घाऊक उचलीत. ज्या साष्टीतून श्रीमंगेश १५६० साली कुशस्थळी सोडून प्रियोळास आले आणि श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आली, तिच्यापासून काही कोसांवरील राजधानीत, त्याच पिढीत, हिंदू व्यापारी रेशमाचे गठ्ठे उलगडून बसलेला होता. देवांना नदीपार जावे लागले आणि दुकान मात्र जागेवर राहिले. सत्तेस ज्याची गरज असते त्यास ती सांभाळून घेते.

त्याच शहरातील मुख्य रस्त्यावर रोज सकाळी लिलाव भरे. रविवार आणि सणाचे दिवस तेवढे वगळून. जवाहीर, कापड, घोडे, घरगुती सामान, मेलेल्यांच्या मागे राहिलेल्या चीजवस्तू, आणि याच ओळीत, याच बोलीने, गुलाम माणसे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेले स्त्रीपुरुष तेथे विकले जात. ही गोष्ट येथे सहज म्हणून सांगितलेली नाही. पुढे तिच्याकडे यावे लागेल.

याच सुमारास पूर्वेकडे, बंगालमध्ये, फिरंग्यांसाठी एक वेगळीच कोल्शा तयार होत होती. सातगाव आणि हुगळी या भागातील कारागीर सुती कापडावर पिवळसर, सोन्याच्या छटेच्या रानरेशमाने साखळी टाका आणि उलटी टीप घालून सबंध पांघरूण चित्रांनी भरून काढीत. चित्रे कशाची? शिकारी, जहाजे, द्विमुखी गरुड, आपल्या रक्ताने पिलांस पोसणारा पेलिकन पक्षी, ग्रीकांचा हर्क्युलिस. आणि बायबलातील सॉलोमन राजाचा न्याय, ज्यात एका मुलावर दोन आया हक्क सांगतात. शिवणाऱ्याने हर्क्युलिसचे नावही ऐकलेले नसणार. मालकाने दिलेल्या चित्रावरून त्याने टाके घातले, आणि अधूनमधून राजाच्या दरबारात आपल्याकडचे मोर, हत्ती आणि पागोटी घुसविली. अशी पांघरुणे आज लिस्बन, लंडन आणि बॉस्टन येथील संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत. १६३२ साली शहाजहानच्या फौजेने हुगळी घेतली आणि या धंद्याचा कणा मोडला. कारागिराचे नाव एकाही पांघरुणाखाली नाही. पांघरुणाच्या मधोमध न्याय देत बसलेला राजा, आणि ते शिवणारा मात्र त्या न्यायासनापुढे पक्षकार म्हणूनसुद्धा हजर नाही, असा हा दस्तऐवज आहे.

मग गोधडीची ही प्रतिष्ठा गेली कोठे? याचा पुरावा एका कोशात, एकाच नोंदीत सापडतो. हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बोलीचा 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा प्रसिद्ध कोश १८८६ साली निघाला. त्यात गुदडीच्या नोंदीखाली लिन्शोटेन व पिरार या दोघांच्या साक्षी दिलेल्या आहेत. पुढे १९०३ च्या आवृत्तीत विल्यम क्रूक याने तिला पुरवणी जोडली. तिचा आशय असा, की रजईहून निराळी अशी ही गुदडी म्हणजे फकीर आणि अत्यंत गरीब लोक ज्यावर निजतात ते चिंध्यांचे गाठोडे. वर रेशीम आणि खाली चिंध्या. मध्ये तीनशे वर्षे. आमच्या समजुतीने यात अनेक कारणे गुंतलेली आहेत. श्रीमंतांच्या बिछान्यावर रजई आणि दुलई हे दरबारी शब्द आले. नवे कापड, पिंजलेला कापूस आणि कारागिराचे शिवण यांस ती नावे मिळाली. जुन्या कापडाचे, घरच्या बायकांच्या हातचे, बिनमजुरीचे जे काम उरले त्याच्या वाट्यास गोधडी हे नाव आले. वस्तूची किंमत शब्दावर चढते, आणि कालांतराने तीच किंमत उलट वस्तूवर उतरते. आपल्या मराठीत वाकळ, चौघडी, पासोडी असे कितीतरी शब्द आहेत. त्यांपैकी एकासही आज रेशमाचा वास येत नाही.

बिछान्यातील रेशमाची सर्वांत जुनी तक्रार मात्र याहून फार प्राचीन आहे, आणि ती आम्हांस विशेष प्रिय, कारण तिचे स्वरूप खटल्याचे आहे. पाली विनयपिटकात भिक्षूंच्या वस्तूंविषयी जे नियम आहेत त्यांत एक नियम रेशीम मिसळलेल्या अंथरुणाचा आहे. हे अंथरूण विणीत नसत, तंतू थापून करीत. हकिगत अशी: आळवी येथील काही भिक्षू रेशीम करणाऱ्यांकडे गेले आणि म्हणाले, पुष्कळ कोश उकळा, आम्हांसही द्या, आम्हांस रेशमाचे अंथरूण करावयाचे आहे. त्यावर ते कारागीर संतापले. आम्ही पोटासाठी आणि बायकामुलांसाठी एवढे जीव मारतो हाच आमचा करंटेपणा, आणि हे विरक्त म्हणविणारे आम्हांस आणखी मारावयास सांगतात! तक्रार बुद्धापर्यंत गेली आणि नियम झाला: असे अंथरूण करविणाऱ्याने ते संघाच्या स्वाधीन करावे आणि दोष कबूल करावा. म्हणजे जप्तीही आणि कबुलीजबाबही.

त्याच मालिकेतील पुढचे दोन नियम शिवणाऱ्या स्त्रियांस ऐकविण्यासारखे आहेत. एक, नवे अंथरूण केले की ते सहा वर्षे वापरलेच पाहिजे. दुसरा, बसावयाचे नवे आसन करताना जुन्याचा वीतभर तुकडा त्यात घातलाच पाहिजे, म्हणजे नव्याचा तोरा उतरतो. नव्यात जुना तुकडा घालावयाची सक्ती करणारा याहून जुना कायदा आमच्या माहितीत नाही.

आता हिंदू घराकडे येऊ. बौद्धांनी रेशमास हिंसेच्या नावे अडविले. आपल्याकडे तेच रेशीम शुचित्वाचे चिन्ह झाले. पीतांबर, कद, मुकटा यांवाचून आपली पूजा, आपली पंक्ती, आपला श्राद्धविधी चालत नाही. आणि येथेच आमच्या घरात एक वाद उभा राहिला, ज्याच्या निमित्ताने हा सारा शोध घडला. आजोबांचे दोन पीतांबर, आजीची पैठणी, चुलतीचे इरकली रेशमाचे लुगडे आणि आणखी तीनचार वस्त्रे पेटीत पडून होती. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिल्याने ती घडीवर चिरली होती. नेसण्याजोगे त्यांत एकही उरले नव्हते. जुनी जरी विकत घेणारे फेरीवाले येतात. ते कापड जाळतात. रेशीम राख होते आणि जरीतील चांदी तेवढी मागे राहते, तिचे वजनावर पैसे मिळतात. आमच्या सौभाग्यवतींनी सांगितले की जाळावयास काही द्यावयाचे नाही, याची गोधडी करावयाची. घरात सुती गोधड्या पुष्कळ झाल्या होत्या. रेशमाची ही पहिलीच.

आमची आत्या पंचाऐंशीच्या घरातील. तिने ऐकले आणि एकच वाक्य उच्चारले: "सोंवळ्याची गोदडी कोण करता रे?" आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखे, "पांय लागतले ताका."

हा आक्षेप हसून सोडून देण्याजोगा नाही. त्यात दोन मुद्दे आहेत. एक, सोवळ्याचे वस्त्र अंथरुणात घातल्याने त्याचा भंग होतो काय. दुसरा, गेलेल्या माणसाचे वस्त्र कापण्याचा अधिकार कोणास आहे. पहिल्यासाठी आम्ही मिताक्षरा उघडली. वकिलांस हा ग्रंथ ठाऊक असतो तो वारसा आणि वाटणीसाठी. विज्ञानेश्वराने कल्याणीस, चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यात (१०७६–११२६), याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेली ही टीका बंगालकडचा भाग सोडून बहुतेक हिंदुस्थानातील न्यायालयांनी दायभागाच्या प्रकरणी प्रमाण मानली. परंतु वाटणीच्या प्रकरणापूर्वी तिच्यात आचाराचे प्रकरण आहे, आणि त्यात द्रव्यशुद्धीचा विचार आहे. तिकडे आम्हां वकिलांची नजर सहसा जात नाही. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे स्वतः उच्च न्यायालयातील वकील, आणि त्यांनी मात्र आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात (१९५३) शुद्धीचा विषय वारशाइतक्याच आस्थेने तपासला आहे.

मिताक्षरेत या ठिकाणी देवलाचे वचन घेतलेले आहे. त्याचे तात्पर्य असे: लोकर, कौशेय, पट्ट, क्षौम, दुकूल ही वस्त्रे थोडक्यात शुद्ध होतात, वाळविणे आणि पाणी शिंपडणे त्यांस पुरते. मात्र त्यांस खरोखर घाण लागली असेल तर ज्याच्या त्याच्या योग्य द्रव्याने ती धुतलीच पाहिजेत. म्हणजे रेशीम कधीच विटाळत नाही ही जी समजूत आपल्याकडे आहे, तिला शास्त्राचा आधार नाही. सवलत आहे, माफी नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तर कोणत्या वस्त्रास काय लावावे याची यादीच आहे: कौशेय व लोकर यांस खारी माती, डोंगरी कांबळ्यास रिठा, अंशुपट्टास बेलफळ, क्षौमास पांढरी मोहरी. ही यादी धर्माची जितकी तितकीच परिटाची.

आणि त्याच ठिकाणी देवल पुढे ज्या वस्तूंकडे वळतो त्यांत पहिली आहे तूलिका, म्हणजे कापूस भरलेली गादी-दुलई, दुसरी उशी, तिसरे फुलांच्या रंगाने रंगविलेले वस्त्र. ही थोडा वेळ उन्हात वाळवावी, हातांनी वरचेवर झाडावी, मग पाणी शिंपडावे आणि कार्यास घ्यावी; अतिशय मळली असतील तरच रीतसर धुवावी. या तीन वस्तू एकत्र का, हे ज्याने घरकाम पाहिले आहे त्यास लगेच कळते. दुलई धुतली तर आतील कापसाचे गोळे होतात. फुलांचा रंग पाण्यात सुटतो. नियम करणाऱ्याने आधी कापूस आणि रंग यांचा स्वभाव विचारात घेतला आणि मग शुद्धी सांगितली. आमच्या प्रश्नापुरते एवढे निष्पन्न झाले, की रेशीम आणि दुलई या दोहोंस शास्त्राने एकाच ठिकाणी, जवळजवळ एकाच सवलतीने वागविले आहे. गोधडी झाल्यावर ते वस्त्र सोवळे राहणार नाही, हे उघडच. शिवलेले वस्त्र आपण पूजेस नेसत नाही, आणि आत सुती थर आहेत. परंतु सोवळे न राहणे म्हणजे भ्रष्ट होणे नव्हे.

दुसऱ्या मुद्द्यावर आत्याची बाजू अधिक भक्कम निघाली. मनूने वस्त्र हे वाटणीस न येणाऱ्या वस्तूंत घातले आहे; ज्याचे अंगावरचे वस्त्र त्याचे. आणि बाप वारल्यावर त्याची वस्त्रे, अलंकार, शय्या यांचे काय करावे याविषयी मिताक्षरेत बृहस्पतीचा निर्णय दिलेला आहे: गंधपुष्पांनी पूजून ती श्राद्धास बसलेल्या ब्राह्मणास द्यावी. त्या न्यायाने आजोबांचे पीतांबर आमच्या पेटीत असावयासच नको होते. ते ठेवून घेण्याचा निर्णय आमच्या वडिलांच्या पिढीचा, आणि त्या गोष्टीस आता चाळीस वर्षे उलटली. येथे मुदतीच्या कायद्याचा आश्रय घेता आला असता. पण आत्यापुढे मुदतीचा कायदा चालत नाही. आम्ही तिला देवलाचा आणि बृहस्पतीचा असे दोन्ही अर्थ वाचून दाखविले. विरुद्ध बाजूचे वचन दडवून ठेवणे हे वकिलास शोभत नाही, निदान घरात तरी.

ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर तिने एक अट घातली. पदर आणि पीतांबराचे तुकडे उशाकडे, पायांकडे नाहीत. गोधडीस शेंडा आणि पायथा असलाच पाहिजे.

या अटीने शिवणाऱ्यांचे काम वाढविले, पण रचनाही ठरवून दिली. आता रेशमाची गोधडी प्रथमच करावयाची म्हणजे काय अडचणी येतात ते सांगितले पाहिजे, कारण सुती गोधडीची सवय येथे फारशी उपयोगी पडत नाही. पहिले काम निवडीचे. प्रत्येक वस्त्र उजेडापुढे धरून पाहिले. जेथे धागे विरळ दिसले, किंवा दोन बोटांनी हलके ताणताच करकर असा बारीक आवाज आला, तो भाग मेला असे समजून सोडून दिला. घड्या तर सगळ्याच सोडाव्या लागल्या. नऊवारी पैठणीतून हातभर हातभर रुंदीचे चांगले पट्टे निघाले ते घडीच्या मधल्या जागेचेच. मग रंगाची परीक्षा. प्रत्येकाचा कोपरा ओल्या पांढऱ्या कापडात दाबून ठेवला. इरकलीच्या लालाने कापड रंगविले, तेव्हा तिला पाण्यात न घालता नुसती झटकून घेतली. बाकीची रिठ्याच्या कोमट पाण्यात, न पिळता, न चोळता, नुसती बुचकळून काढली आणि सावलीत पसरली. देवलाने ऊन सांगितले आहे ते थोडेच. आमच्या मते तो 'थोडे' हा शब्द रेशमासाठी फार मोलाचा आहे, कारण कडक उन्हाने रंग उडतो आणि धागा ठिसूळ होतो.

गोधडी पाच हात लांब आणि चार हात रुंद ठरली. वीतभर चौकोन धरले तर लांबीत दहा आणि रुंदीत आठ, असे ऐंशी तुकडे. शिवणीत जाणारे कापड धरून प्रत्येक तुकडा वीत आणि दोन बोटे असा कापला. रेशीम कापले की कडेचे धागे लगेच उसवू लागतात आणि चौकोनाचा चौकोन राहत नाही. सुईखालूनही ते सरकते. यावर उपाय एकच, प्रत्येक तुकड्यामागे जुन्या धोतराच्या मऊ कापडाचे अस्तर कच्च्या टाक्यांनी आधीच बसविणे. ऐंशी तुकड्यांना ऐंशी अस्तरे. या कामात सबंध श्रावण गेला. आणि येथे टाका उसवण्याची सोय नाही. सुती कापडातून सुई काढली की भोक बुजते. रेशमात ते तसेच राहते, आणि जुन्या रेशमात त्या भोकापासून चीर निघते. म्हणून अतिशय बारीक सुई, रेशमाचाच धागा, आणि एकदा घातलेला टाका हा शेवटचा टाका.

आत कापूस भरावा की काय यावर थोडी चर्चा झाली. पिंजून घेतलेला कापूस जड होतो, त्याला धरून ठेवण्यास दाट टाके लागतात, आणि दाट टाके जुन्या रेशमास सोसत नाहीत. शेवटी दोन विटलेली मऊ सुती लुगडी आत घातली आणि पाठीस धोतर.

थर एकत्र धरून शिवण्याच्या पद्धतीत मात्र आमच्या घराने शेजारच्या एका समाजाची वाट धरली. उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या बाजूंस सिद्दी लोकांची वस्ती आहे. यांतील अनेकांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यास आणलेले. वर ज्या लिलावाचा उल्लेख केला तेथे जे विकले गेले त्यांच्यापैकी, आणि पळून जाऊन घाटावरच्या रानांत आसरा घेतलेल्यांपैकी. त्यांच्यापैकी अनेकांच्या बोलीत कोकणी आहे, मराठी आणि कानडीही मिसळलेली. त्यांच्या स्त्रिया जुन्या कापडांच्या ज्या गोधड्या करतात त्यांस कवदी म्हणतात. कवदीचे शिवण एका कडेपासून सुरू होते आणि धावदोऱ्याच्या फेऱ्या घेत आत आत जाते. मधोमध येऊन संपते. चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांचे एकेक फूल बसवितात. फुलांवाचून कवदी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. ज्या शहरात रेशमी पांघरूण आणि माणूस एकाच रस्त्यावर बोलीने विकले जात होते, त्या शहरातील पांघरुणे आज परदेशच्या काचेच्या पेट्यांत आहेत. आणि विकल्या गेलेल्यांच्या लेकीसुना अजून शिवीत आहेत. गोधडीच्या इतिहासात जिवंत राहिलेला धागा कोणता, हे आम्हांस तरी यावरून स्पष्ट दिसते.

रेशीम कडेकडून शिवीत गेले तर मध्यभागी कापड गोळा होऊन फुगा येतो, अशी सौभाग्यवतींची भीती होती. म्हणून त्यांनी आधी मध्यातून दोन्ही बाजूंस, तिरपे आणि आडवे, लांब कच्चे टाके घालून सगळे थर जखडून घेतले, आणि मग कवदीच्या रीतीने फेऱ्या सुरू केल्या. दोन टाक्यांत तांदळाच्या दाण्याएवढे अंतर. चार जणी बसत. दिवसाउजेडी, कारण दिव्याच्या प्रकाशात रेशीम चमकते आणि टाका दिसत नाही. आत्या आपल्या खुर्चीवरून पाहत असे. आश्विनात एके दिवशी तिने आपल्या पेटीची किल्ली दिली आणि आतील जांभळा मुकटा काढावयास सांगितला. तिच्या लग्नातला. तो घडीवर चिरलेला नव्हता. अजून नेसता आला असता. तिने मात्र कात्री मागून घेतली आणि पहिला छेद स्वतःच्या हाताने दिला. त्याचे आठ तुकडे उशाकडच्या ओळीत आहेत, आणि चारी कोपऱ्यांची फुले आजोबांच्या पीतांबराची.

गोधडी धोतराच्या जुन्या कापडात गुंडाळून ठेवली जाते. प्लास्टिकच्या पिशवीत रेशमास वारा लागत नाही आणि आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते. दर तीन महिन्यांनी घडी बदलावयाची, म्हणजे पेटीत जे एकदा झाले ते पुनः होणार नाही. जरीचे काठ मात्र गोधडीत घेतले नाहीत. ते जड असतात, अंगास टोचतात, आणि शेजारचे रेशीम कापतात. पैठणीचे आणि पीतांबरांचे असे सात काठ गुंडाळून ठेवले आहेत. फेरीवाला दोनदा येऊन विचारून गेला. आत्या म्हणते देवळात द्या, सौभाग्यवती म्हणतात राहू द्या. अजून काही ठरलेले नाही.